ताडाला खोडवा नसतो

आमच्या लासुर्ण्याची शेती धारेवर चालते. ऊस तुटून गेला की राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, पाटाला आवर्तन आलं की रात्री-अपरात्री दारं धरायला जायचं. थोड्याच दिवसांत त्याच मुळांवर खोडवा उभा. खोडवा गेला की निडवा. बोरीकडे द्राक्षं आहेत, त्यांची एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. डाळिंबाचं पाणी तोडायचं, पानं गाळायची, फांद्या हलक्या करायच्या आणि मग बहार धरायचा. शेवगा, कढीपत्ता, जनावरांचा घास, सगळं कापल्याने वाढतं. कापलेलं परत येतं आणि जास्त जोमाने येतं, यावर आमच्या पंचक्रोशीचा इतका विश्वास की तो कुणी बोलून दाखवत नाही.

मी मात्र बारामतीत, घराच्या मागच्या आणि कडेच्या चिंचोळ्या जागेत, धार लावली की संपतील अशी झाडं लावून बसले आहे. ताडमाडांच्या कुळातली. नारळ, पोफळ, शिंदी ही आपली घरची मंडळी. त्यांचे परदेशी भाऊबंद रोपवाटिकांतून आले आणि सगळ्यांना सरसकट पाम म्हणायची पद्धत पडली. जगात या कुळाच्या अडीच हजारांवर जाती आहेत. काही चाळीस-पन्नास मीटर जातात, काही गुडघ्याएवढ्या राहतात, वेत वेलीसारखा जंगलभर चढत जातो. पण बहुतेकांची मूळ मांडणी तीच: खोड, आणि खोडाच्या माथ्यावर एकच कोंब. उसाच्या पेरापेराला डोळा असतो. एक मेला तर दुसरा फुटतो, म्हणून तर एका उसाच्या टिपऱ्या करून सरी लावता येते. ताडाला डोळा एकच, तोही डोक्यावर, पानांच्या आवरणात खोल जपलेला. तो गेला की झाड गेलं, मग खाली मुळं कितीही शाबूत असोत. ताडाला खोडवा नसतो.

दादाला हे अजून पटलेलं नाही. लासुर्ण्याची शेती तोच बघतो. बारामतीत काम निघालं की माझ्याकडे डोकावतो, चहा घेता घेता मागच्या दारातून सगळ्या झाडांवर नजर टाकतो आणि म्हणतो, “अगं, शेंडा मार की ह्यांचा. बाजूनं फुटवं येतील, दाट होतील.” मी सांगते, फुटवा यायला बाजूला डोळाच नाही. तो मान हलवतो, पण त्या हलवण्यात संमती नसते. चाळीस वर्षं ऊस केलेल्या माणसाला एकाच डोळ्यावर जगणारं झाड म्हणजे बेजबाबदारपणा वाटत असणार.

खरं तर ते त्याहून हट्टी आहे. आंबा, कडुनिंब, बाभूळ दरवर्षी सालीच्या आत लाकडाचा नवा थर चढवतात. जखम झाली तर कडेने साल सरकत येते आणि ती मिटते. ताडाच्या खोडात असा वाढता थर नसतो. खिळा मारला तर भोक तसंच राहतं, गवत कापायच्या यंत्राने बुंधा सोलला तर ती खूण झाड असेपर्यंत दिसते. तोरणाच्या दोरीसाठी पामला खिळे ठोकणाऱ्या लोकांना मी सणासुदीला अडवते, तेव्हा माझा स्वभाव तिरसट आहे असं त्यांचं मत होतं. असो. बेटाने वाढणारे पाम आहेत, कुंड्यांतून विकला जाणारा अरेका पाम त्यातलाच, पण तिथेही जे खोड छाटाल ते तिथेच थांबतं. नवं येतं ते शेजारून, वेगळं. फांदी फुटणारा ताड हवा असेल तर वसईच्या बाजूला किंवा दीवला जावं. तिथे रावणताड आहे, त्याचं खोड दुभंगत वर जातं. बाकी सगळे एकमार्गी.

जुन्या पानांच्या बाबतीत तर माझी रोजची कसोटी असते. पिवळं पान दिसलं की हात शिवशिवतो. लहानपणापासून उसाचा वाळलेला पाला काढायची सवय. पण पालाशची कमतरता असलेला पाम जुन्या पानांतून पालाश काढून नव्या पानांना पुरवत असतो. अर्धं पिवळं पान छाटलं की त्याची शिदोरीच काढून घेतली, मग तो त्याच्या वरचं पान पिवळं करतो. आपल्याकडची जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड, त्यामुळे मँगनीजचाही तोटा होतो. नवी पानं मग आखूड आणि चुरगळलेली निघतात. उपाय खत, पाणी, आणि हात मागे बांधून उभं राहणं. पान पुरतं तपकिरी होऊन लोंबलं की मग काढायचं. तोपर्यंत पाहुण्यांनी “झाडांकडे लक्ष नाही वाटतं” म्हटलं तर म्हणू द्यायचं.

लहान जागेत ताड लावू नये म्हणणारे आणि लहान जागेत ताडच लावावा म्हणणारे, दोघेही ताडाचं एकेकच वय बघून बोलतात. पहिल्या मंडळींनी तरुण झाड पाहिलेलं असतं. या झाडांची रीत अशी की आधी रुंदी करायची, मग उंची. रोप वर्षानुवर्षं जमिनीलगत बसून खोडाचा घेर पुरा करतं, कारण पुढे तो वाढवायची सोय त्याच्याकडे नाही. त्या काळात पानं पूर्ण लांबीची असतात आणि नेमकी माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर पसरतात. वाळत घातलेल्या कपड्यांत घुसतात, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या मुलाच्या कानाला लागतात. काही जण तर आधी खालीच जातात. ताडाची बी रुजते तेव्हा तिचा मोड सरळ जमिनीत हातभर उतरतो आणि तिथून मग पहिलं पान वर येतं. कुंडी उथळ असली तर तो तळाला ठेचकाळतो. हे दिवस ज्यांनी काढले नाहीत त्यांनी झाड उपटून टाकलेलं असतं.

दुसऱ्या मंडळींनी म्हातारं झाड पाहिलेलं असतं. खोड एकदा वर निघालं की ते आपली पानं बरोबर घेऊन जातं. खाली उरतो फूट-दीड फुटाचा घेर. मुळंही दोरीएवढीच जाड, कधी मांडीएवढी होत नाहीत, त्यामुळे वडा-पिंपळासारखी भिंत उचलत नाहीत. आंब्याने जी जागा पूर्ण व्यापली असती तिथे चार पाम उभे राहतात आणि खाली मोगरा, ओवा, गवती चहा यांना ऊन मिळतं. शहरातल्या लहान प्लॉटला याहून समजूतदार झाड नाही, असं मी म्हणेन. फक्त ते समजूतदार होईपर्यंतची वर्षं तुम्ही दिली पाहिजेत.

विकत घेताना हे कुणी सांगत नाही. पुणे–सोलापूर रस्त्याला उरुळी कांचन, यवतच्या बाजूला रोपवाटिका आहेत. मोठी झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकमध्ये आडवी पडून येतात. भाव फुटावर. खोड किती फूट, तेवढे पैसे. या हिशेबात झाडाचं पुढचं वय कुठेच बसत नाही. त्यामुळे दोन घरांमधल्या पाच फुटी बोळात बिस्मार्किया लावलेला मी पाहिला आहे. मादागास्करचं हे झाड, निळसर रुपेरी पंख्यांचं, दिसायला राजस. १८८१ मध्ये त्याला जर्मनीच्या चॅन्सेलरचं नाव दिलं गेलं आणि त्याने त्या नावाला साजेसं वागायचं ठरवलं. मोठेपणी त्याचा विस्तार सहज वीसेक फूट. तिथे भिंत आधी हटेल की बिस्मार्क, हे त्या दोन घरांनी ठरवायचं आहे. तसाच रॉयल पाम. संस्थांच्या आवारात दुतर्फा छान दिसतो, पण त्याचं वाळलेलं पान आपल्या जाड आवरणासकट वरून सुटतं तेव्हा खाली गाडी नसावी, आणि माणूस तर नसावाच. लाल देठांचा लिपस्टिक पाम मलेशिया-बोर्निओच्या दलदलीतला. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि चैत्रातली हवा कोरडीठाक. तो इथे विकतात हेच नवल.

माझ्याकडचा बॉटल पाम मात्र रमला. बुंध्याशी फुगलेला, वर मान आखडून चार-सहा पानं धरलेली, दहा-बारा फुटांवर समाधान मानणारा. मुलं म्हणतात त्याच्या पोटात पाणी आहे. नाही, ते नुसतं खोडच आहे. पण त्याची जन्मकथा कळल्यापासून मला तो आमच्या भागातल्या माणसांच्या नात्यातला वाटतो. त्याचं मूळ गाव राउंड आयलंड, मॉरिशसच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवरचं एक ओसाड ज्वालामुखीचं बेट. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर माणसं नेली गेली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईच्या बंदरातूनही. त्यात कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबं होती. त्यांच्या वंशजांमुळे आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांत मराठी शिकवली जाते. ऊस लावायला मॉरिशसचं जंगल तुटत गेलं. राउंड आयलंडचे कडे असे उभे की बोट लागणंच मुश्कील, म्हणून तिथे ऊस पोहोचला नाही, आणि विशेष म्हणजे उंदीरही पोहोचले नाहीत.

पण एकोणिसाव्या शतकात कुणीतरी तिथे शेळ्या आणि ससे सोडले.

इथे एका डोळ्याच्या झाडाची गोची होते. गवताला शेळीने तोंड लावलं तर गवत पुन्हा येतं, बोर-बाभूळ तर आणखी काटेरी होऊन येते. पामच्या रोपाचा कोंब शेळीच्या दातांच्या उंचीवर असतो आणि तो एकदाच खाता येतो. शेकडो बिया रुजल्या तरी एकही रोप तरुण झालं नाही. वरची म्हातारी झाडं वादळात पडत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानात बॉटल पामची मोठी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवले, तेव्हा कुठे रोपं वर निघायला लागली. शेळ्या हटण्याआधीच ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल तिथे जाऊन आला होता आणि १९७७ च्या त्याच्या पुस्तकात त्या बेटाचं वर्णन आहे. म्हणजे रानात ज्याची पाच-दहा झाडं नव्हती तो आज बारामतीत, पुण्यात, बंगलोरात कुंड्यांमधून उभा. उसाच्या देशातून आलेलं झाड उसाच्याच देशात. त्याचा एक सख्खा चुलत भाऊ तर मॉरिशसच्या क्युरपिप बागेत एकटाच आहे, त्याच्या जातीचं जगातलं शेवटचं झाड. नर आणि मादी फुलं त्याच झाडावर येतात, पण वेगवेगळ्या वेळी उमलतात. बियांच्या गर्भातून प्रयोगशाळेत रोपं करायचा प्रयत्न झाला. बाटलीत रुजली, बाहेर मातीत टिकली नाहीत. भोवती लोखंडी सांगाडा बांधून त्याला सावरलं आहे. तिथेही खोडव्याची सोय नाही.

फॉक्सटेल पामबद्दल फार सांगत नाही, कारण तो आता इंदापूर रस्त्यावरच्या प्रत्येक मंगल कार्यालयापुढे आहे. एवढंच सांगते की ऑस्ट्रेलियाच्या केप मेलव्हिलमधल्या खडकांतलं हे झाड वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात १९८३ मध्ये नोंदलं गेलं, आणि त्याचं शास्त्रीय नाव वोडयेटी या आदिवासी माणसाच्या नावावरून ठेवलं, कारण त्या झाडाची परंपरेने चालत आलेली माहिती असलेला तो अखेरचा होता. पुढे त्याच्या बिया चोरून विकल्या जाऊ लागल्या. चाळीस वर्षांत तो आपल्या लग्नांतल्या फोटोंमागे येऊन उभा राहिला. जानवशाच्या खोलीबाहेर त्याच्या बुंध्याला चपला टेकवलेल्या असतात.

माझा जीव आहे तो भेर्ली माडात. घर बांधलं तेव्हा ताम्हिणीकडून आलेल्या बिया रुजवून लावला. सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांतलं झाड. बारामतीच्या उन्हात तो टिकायचा नाही असं सगळे म्हणाले. पहिली वर्षं आडोसा आणि स्वयंपाकघराचं पाणी दिलं, मग तो आपला आपण निघाला. पामांच्या पूर्ण कुळात दुहेरी विभागलेली पानं याच घराण्याची. देठाला उपदेठ आणि त्यांवर माशाच्या शेपटीच्या आकाराच्या, टोकाला कुरतडल्यासारख्या पाकळ्या. कोकणात मांडवाला, कमानीला ती बांधतात. त्याची माडी काढतात, खोडातला गाभा दुष्काळात पिठासारखा खाल्ला गेला आहे. फळं दिसायला सुपारीएवढी लालचुटूक, पण त्यांच्या गरात बारीक सुयांसारखे स्फटिक असतात आणि गोळा करणाऱ्याच्या हातांना तासभर आग होते. कोकीळ आणि वटवाघळं ती खातात. डोंगरात उदमांजर खातं आणि बिया दूर नेऊन टाकतं.

शेणखतातून एक संकट मात्र दादानेच पाठवलं. पोत्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. “हुमणी,” तो फोनवर म्हणाला, उसाच्या माणसाने म्हणावं तसंच. पण हुमणी जिवंत मुळं खाते. या होत्या गेंड्या भुंग्याच्या, कुजलेल्या खतात पोसणाऱ्या. त्यांच्यापासून निघालेला भुंगा पामच्या कोंबात शिरतो, गुंडाळलेल्या पानाला आरपार भोक पाडतो, आणि ते पान उलगडलं की कात्रीने नक्षी कापल्यासारखं दिसतं. भोक वाढत कोंबापर्यंत गेलं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे; आणि त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो तर खोड आतून पोकळ करतो, बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नारळवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे तारेच्या आकड्याने भुंगा बाहेर ओढायचा आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत डांबर गोळ्या ठेवून वर वाळू टाकायची. शिडीवर उभं राहून ते करताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, “कपाटात ठेवताय की झाडावर?”

त्या भेर्ली माडाने आता फुलायला घेतलंय. पहिला तुरा अगदी शेंड्याशी निघाला, मग त्याच्या खालच्या पेऱ्यावर दुसरा, मग तिसरा. घोड्याच्या शेपटीसारखे लांब लोंबणारे हार, आधी फिकट, फुलांनी गजबजलेले, मधमाश्यांनी घुमणारे. नंतर फळांनी जड. बघणारे थांबतात. सोसायटीतल्या एक-दोघांनी झाडाखाली फोटो काढले. त्यांना मी सांगितलं नाही की या झाडाचं फुलणं म्हणजे आवराआवर आहे. भेर्ली माड आयुष्यभर साठवत जातो आणि मग वरून खाली, एकेका पेऱ्याने, ते खर्चून टाकतो. फुलायला लागला की नवं पान येत नाही. चार-सहा वर्षं असं चालतं. सगळ्यात खालचा तुरा पिकला की झाड संपलं. उसाला तुरा आला की दादाच्या कपाळाला आठी पडते, वजन घटणार, कारखान्याची तोड कधी येणार. म्हणून पहिल्यांदा तुरा दाखवला तेव्हा तो एकटाच असा होता की ज्याला समजवावं लागलं नाही. वर बघून म्हणाला, “म्हणजे आता हे चाललं.”

याच्याहून मोठा खर्चिक एकच, श्रीताड. तीस-चाळीस, कधी साठ-सत्तर वर्षं नुसती पानं काढत राहतो आणि मग माथ्यावर वीसेक फुटांचा एकच तुरा, त्यात लाखो फुलं. वनस्पतींच्या जगात एवढा मोठा फुलोरा दुसऱ्या कुणाचा नाही. पुढच्या वर्षी फळं, आणि अखेर. उत्तर कन्नड जिल्ह्यात कुमठा-भटकळकडे ही झाडं आहेत, गोव्यातही आहेत. त्याच्या बिया आमच्या घरातसुद्धा होत्या, फक्त आम्हाला ठाऊक नव्हतं: आजी लहान मुलांच्या गळ्यात दृष्टीसाठी जो बजरबट्टू बांधायची, तो श्रीताडाचा मणी. फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाने मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकवता शिकवता भारत-सिलोनच्या पामांवर मोठा ग्रंथ लिहिला, १९२६ मध्ये तो निघाला. अखेरची काही वर्षं पाचगणीत काढून १९३४ मध्ये ते वारले. पामांवर भारतात काही बोलायचं तर अजून त्या ग्रंथाशी यावं लागतं. तो वाचताना मला लक्षात येतं की या माणसाने पाहिलेल्या झाडांपैकी भेर्ली माड आणि श्रीताड केव्हाच फुलून गेले असणार. त्यांच्या बियांची झाडंही कदाचित.

तर माझ्याकडे दोन-चार वर्षांत एक जागा रिकामी होणार आहे. शहरात झाड काढायचं तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी घ्यावी लागते, मेलेलं असलं तरी विचारलेलं बरं, ते होईल. प्रश्न तिथे पुढे काय, हा. जागा एकच आहे. मुलगी म्हणते फॉक्सटेल. रोपवाटिकेतल्या माणसाने एक नवीन पाम दाखवला, पानाच्या देठांवर तांबूस लव असलेला, “सर्वांपेक्षा वेगळा, मॅडम, तालुक्यात कुणाकडे नाही.” तालुक्यात कुणाच्या बागेत नसलेला पाम मला आधीच ठाऊक होता.

लासुर्ण्याच्या ओढ्याला शिंदी होत्या. आमच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे कालवा येण्याआधीपासून. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढला गेला तेव्हा उसासाठी सगळं रान मोडलं, पण ओढ्याचा काठ राहिला. लहानपणी त्यांची खोडं वेडीवाकडी का, हे मला कळत नसे. रस काढणारा एका वर्षी एका बाजूला काप घेतो, पुढच्या वर्षी विरुद्ध बाजूला, कोंबाला धक्का न लावता, अगदी त्याच्या शेजारी. म्हणून खोड नागमोडी होतं आणि त्या खाचा मोजून झाड किती वर्षं पाझरलं ते सांगता येतं. पामच्या बाबतीत धार चालवायला परवानगी असलेला हा एक माणूस, आणि त्याचं सगळं कसब कुठे थांबायचं यात. इंग्रजी अमलात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या झाडांवर कर बसला, पुढे दारूबंदी आली, शिंदीचं नाव घेतलं की लोक चोरटं हसायला लागले. वर्ध्याकडे सेवाग्रामला याच रसाचा गूळ गजानन नाईक यांनी करून दाखवला होता, गांधीजी ताडगुळाचा पुरस्कार करत. बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, पाटाच्या पाण्याची बारी न मागणाऱ्या झाडाचा गूळ. आमच्या उसाच्या पट्ट्यात हे बोलणं कुणी ऐकलं नसतं. मलाही ते आवडलं म्हणून दादाशी वाद झाला आहे.

शिंदीच्या पानांची केरसुणी दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जायची; ती बांधून आणणारं कुटुंब ठरलेलं असे आणि सुपात धान्य घेऊन जात असे. विहिरीवर झुकलेल्या शिंदीला सुगरणींचे खोपे, तेही शिंदीचंच पान चिरून काढलेल्या धाग्यांचे. आता घरात फुलझाडू असतो, विहिरीला कठडा आहे, खोपे विजेच्या तारांवर. तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे जाते. त्या रस्त्याचं पालखी मार्ग म्हणून चौपदरीकरण झालं, त्याची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. रस्ता उत्तम आहे, बारामतीहून लासुर्णे आता चहा निवायच्या आत येतं. त्याच्या दुभाजकात काय लावतील ते लावतील. शिंदी कुणी लावत नाही. ती आपोआप येते, आणि आपोआप येणाऱ्या झाडांचं आपल्याकडे काही खरं नसतं.

मागच्या ज्येष्ठात ओढ्याकडच्या उरलेल्या एका झाडाखालून पिकलेल्या शिंदोळ्या वेचून आणल्या. गर नावालाच, बी मोठी. खाऊन बिया धुतल्या, ओल्या वाळूत ठेवल्या आणि विसरल्यासारखं करून रोज बघत राहिले. पहिलं पान आलं ते गवताच्या पात्यासारखं सरळ. दादाने ते लव्हाळा समजून उपटायला हात घातला होता, मी मध्ये पडले. आता चार-पाच रोपं खोल पिशव्यांत आहेत. लहान बागेला शिंदी सोयीची नाही हे मला कळतं. देठाच्या बुडाशी बोटभर काटे असतात, शेजाऱ्यांच्या मांजरापासून ते माझ्या साडीपर्यंत सगळ्यांना लागतील. वाढ सावकाश. शिवाय नर आणि मादी झाड वेगळं, आणि फुलेपर्यंत कुठलं ते कळायला मार्ग नाही. तोवर मी सत्तरी ओलांडलेली असेन.

दादा परवा आला तेव्हा पिशव्या उचलून बघितल्या. काट्याला बोट लावून बघितलं. मग नेहमीप्रमाणे हिशेब घातला.

“दहा-बारा वर्षं सांभाळलीस, आणि नर निघाली तर? शिंदोळ्या नाहीत, काही नाही.”

“तर केरसुण्या बांधू.”

“बांधायला येतं कुणाला?”

त्याचं बरोबर होतं. लासुर्ण्यात आता एक म्हातारी आजीच उरली आहे जिला ती वीण येते. पुढच्या रविवारी तिच्याकडे जायचं ठरलं, आणि जाताना तिच्यासाठी पानं कुठून न्यायची यावर आमचा पुन्हा वाद सुरू झाला.